परिघाचे परिमाण

भाद्रपद शुद्ध पंचमीस दशलक्षण पर्वाचा प्रारंभ होतो. त्याआधीचे पंधरा दिवस गावोगावच्या जिनमंदिरांत तयारीची लगबग असते. मंडप, पूजेचे साहित्य, विधानाची मांडणी, पाहुण्यांची उतरण्याची सोय, गाळलेल्या पाण्याची व्यवस्था अशी कामांची यादी लांबत जाते. तिच्या अगदी तळाशी एक बारीकसे काम असते : स्वयंसेवकांचे बिल्ले. काम लहान म्हणून ते बहुधा घरातल्या संगणक जाणणाऱ्या मुलाच्या किंवा सुनेच्या वाट्यास येते.

वारणाकाठच्या एका गावी ते असेच एका घरच्या नव्या सूनबाईंकडे आले. लग्न होऊन आठ महिने झाले होते. सासरी त्यांचे हे पहिलेच दशलक्षण पर्व. रविवारी त्या पाठशाळेतील मुलांना शिकवीत; त्यामुळे मंडळातील सर्वांना त्यांची ओळख झाली होती, परंतु मंडळाचे काम म्हणून सोपवलेले हे पहिलेच. दीडशे बिल्ले करावयाचे होते. समितीने कागदावर लिहून दिलेले टिपण असे होते : मंदिराचे पूर्ण नाव, मूलनायकांचे छायाचित्र, जैन प्रतीक, चालू वर्ष, देणगीदाराचे नाव आणि ‘स्वयंसेवक’ हा शब्द. बिल्ला गोल असावा, अक्षरे त्याच्या कडेने फिरावीत.

पहिला प्रश्न साधनाचा आला. धाकट्या दिरांनी उत्साहाने एक महागडी संगणकप्रणाली आणून देण्याची तयारी दाखविली. ती विकत घेतलेली नव्हती. कुलूप तोडून वाटली जाणारी प्रत होती.

ओसरीवर वाचीत बसलेल्या अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कानांवर हे बोलणे पडले. त्यांनी चष्मा काढला आणि धाकट्या मुलास विचारले, “ज्यांनी ती वस्तू केली, त्यांनी ती तुला दिली आहे का रे?”

“दिली नाही, अण्णा. पण सगळेच वापरतात.”

“न दिलेले घेणे, याला पाठशाळेत वहिनी काय म्हणायला शिकवतात?”

दीर हसले आणि गप्प बसले. अदत्तादान हा शब्द त्या घरात कोणास समजावून सांगावा लागत नव्हता. तिसरे अणुव्रत केवळ दुसऱ्याच्या शेतातील कणसापुरते नाही, ते संगणकाच्या पडद्यालाही लागू आहे, एवढेच त्या दिवशी नव्याने ध्यानात आले.

मग सूनबाईंनी इंकस्केप ही प्रणाली उतरवून घेतली. २००३ सालापासून ती स्वयंसेवी वृत्तीच्या जाणकारांच्या हातून वाढत आली आहे आणि कोणीही ती विनामूल्य वापरावी अशी तिच्या कर्त्यांचीच मोकळीक आहे. येथे घेणाऱ्याच्या हाती पडते ते दिलेलेच असते. शिवाय बिल्ल्याच्या कामास ती सोयीची. छायाचित्रे सुधारणाऱ्या प्रणाली चित्र ठिपक्यांनी बांधतात. ते मोठे केले की अक्षरांच्या कडा दंतुर होतात. इंकस्केप चित्र रेषांच्या मापांनी लक्षात ठेवते. म्हणून त्यातील अक्षर बिल्ल्यावर घ्या वा मंडपाच्या कमानीवर, त्याची कड नितळच राहते.

दुसरा प्रश्न जागेचा होता, आणि सारी गोष्ट खरे तर तेथेच आहे.

बाजारात मिळणारा टिनचा गोल बिल्ला बहुधा ५८ मि.मी. व्यासाचा असतो. कागद मागे दुमडावा लागत असल्याने तो ७० मि.मी. व्यासाचा कापतात, म्हणजे सर्व बाजूंनी ६ मि.मी. कागद दिसण्यासाठी नसतोच. दिसणाऱ्या भागाचीही कड गोलाई घेऊन खाली वळते, तेथे अक्षर ठेवून उपयोग नाही. वेलांटी, मात्रा आणि रफार यांना शिरोरेषेच्या वर जागा लागते. हे सारे वजा जाता अक्षरांचे पाय टेकण्यासाठी सूनबाईंना २१ मि.मी. त्रिज्येचे वर्तुळ मिळाले. त्याचा परीघ १३२ मि.मी. वरच्या अर्ध्या भागाला ६६ मि.मी. चार-पाच पावलांवरून वाचता यावे म्हणून अक्षर सुमारे ४ मि.मी. रुंदीचे धरले, तर शब्दांमधील मोकळ्या जागा मोजून तेथे सोळा घरे होतात. सतरावे घर नाही.

मंदिराचे नाव मोजून पाहिले. ‘श्री १००८ भगवान पार्श्वनाथ दिगंबर जैन मंदिर’ : बावीस अक्षरे आणि सहा मोकळ्या जागा, एकूण अठ्ठावीस घरे. ती सोळांच्या जागेत बसवायची तर प्रत्येकास सव्वादोन मिलिमीटरांहून थोडी अधिक रुंदी मिळते. तशी एक प्रत छापून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी धरली. चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “काहीतरी लिहिले आहे खरे, पण मुंग्यांची रांग दिसते.”

प्रतीकाचेही तसेच झाले. भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, १९७४-७५च्या सुमारास, सर्व पंथांनी मिळून स्वीकारलेले हे प्रतीक. त्रिलोकाची आकृती, वर सिद्धशिला, तीन बिंदू, स्वस्तिक, खाली अभयाचा तळहात, त्या तळहातावर चोवीस आऱ्यांचे चक्र, चक्राच्या मध्यात ‘अहिंसा’ हा शब्द आणि सर्वांत खाली तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायातील एकविसावे सूत्र. एवढा अर्थ ज्याच्यात साठविला आहे ते चित्र बिल्ल्याच्या मध्यभागी दीड सेंटिमीटरचे केले, तर तळहातावरील चक्र जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे उरते. चोवीस आरे त्यात छापले जात नाहीत. शाईचा एक ठिपका होतो. ध्वजावर आणि कमानीवर जे शोभते ते बिल्ल्यावर मिटून जाते.

तरीही सूनबाईंनी समितीच्या टिपणाप्रमाणे सर्व काही भरून एक नमुना केला. नव्या सुनेने वडीलधाऱ्यांच्या यादीतील काही गाळावे कसे? तो नमुना पाहून सासूबाई मात्र थबकल्या. मध्यभागी मूलनायकांचे छायाचित्र होते.

“हा बिल्ला दहाव्या दिवशी रात्री कुठे असेल ग?” त्यांनी विचारले. “मागच्या साली मंडप झाडताना आम्हा बायकांना चपलांच्या मांडणीखाली तीन बिल्ले सापडले. त्यांवरही भगवंतांचे चित्र होते. कुणी मुद्दाम टाकले नव्हते. पीन निसटली, पडला. उचलून कपाळाला लावला, पण मनाला लागले ते लागलेच.”

अविनय बहुधा असाच घडतो, हेतूवाचून. ज्या वस्तूचे आयुष्य दहा दिवसांचे आहे, जी घामाने भिजणार, गर्दीत गळून पडणार, शेवटी कचऱ्यात जाणार, तिच्यावर पूज्य ते छापणे म्हणजे त्या अविनयाची तरतूद आधीच करून ठेवणे होय. भक्तीने केलेली ही भर वस्तुतः बिनविचाराची असते.

त्या रात्री अण्णांशी बोलणे झाले. अण्णा तीस वर्षे सांगलीच्या एका छापखान्यात खिळे जुळविण्याच्या कामावर होते. ते म्हणाले, “सूनबाई, चौकट लोखंडाची असायची. तिच्यात ओळी मावल्या नाहीत, तर आम्ही चौकट ओढून मोठी करू शकत नव्हतो. मजकूरच कमी करायचा. लिहिणाऱ्याला राग यायचा, पण वाचणाऱ्याला वाचता यायचे. तुझा बिल्ला कुणासाठी आहे, समितीसाठी की पाहुण्यासाठी?”

पाहुण्यासाठी. परगावाहून आलेल्या वृद्ध श्राविकेस पिण्याचे पाणी कोणाकडे मागावे, चक्कर आली तर कोणास हाक मारावी, हे कळावे म्हणून बिल्ला असतो. मंदिराचे नाव तिला ठाऊक असते. त्याच मंदिरात तर ती आलेली असते. असा विचार होताच यादी आपोआप उतरली. वरच्या कडेने ‘दशलक्षण धर्म पर्व’, नऊ अक्षरे आणि दोन मोकळ्या जागा. खालच्या कडेने ‘स्वयंसेवा’. म्हणजे स्वयंसेवक की स्वयंसेविका हाही प्रश्न उरला नाही. मध्यभागी सरळ ओळीत, ठळक आणि मोठ्या अक्षरांत त्या व्यक्तीचे काम : पाणी, चौकशी, भोजन, प्रथमोपचार. वर्ष नाही; वर्ष नसले तर तेच बिल्ले पुढच्या वर्षी चालतील. देणगीदाराचे नाव नाही.

हा शेवटचा मुद्दा समितीत अवघड जाईल असे वाटत होते. सूनबाईंनी कोणताही युक्तिवाद केला नाही. दोन्ही नमुने खऱ्या मापात छापून त्यांनी समोरच्या भिंतीवर लावले आणि सभासदांना बसल्या जागेवरून वाचावयास सांगितले. देणगी देणारे गृहस्थ स्वतः तेथे होते. पहिल्या नमुन्यावरील आपले नाव त्यांना स्वतःलाच वाचता आले नाही. क्षणभर ते नाराज दिसले, मग म्हणाले, “दुसराच करा. माझे नाव फलकावर इतरांबरोबर येईलच.” चर्चा तेथे संपली.

आता अक्षरे वळविण्याचे काम. इंकस्केपमध्ये ते असे होते. वर्तुळाचे साधन घेऊन त्रिज्येच्या दोन्ही रकान्यांत २१ मि.मी. लिहावे. मजकूर वेगळा टंकलिखित करावा. त्यासाठी युनिकोड टंक असावा, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा त्यांपैकी एक. मग मजकूर आणि वर्तुळ दोन्ही एकत्र निवडून ‘टेक्स्ट’ या यादीतील ‘पुट ऑन पाथ’ ही आज्ञा द्यावी. अक्षरे उठून वर्तुळावर जाऊन बसतात. ती वर्तुळाच्या उजव्या टोकापासून सुरू होतात. म्हणून मजकूर माथ्यावर मधोमध येईपर्यंत वर्तुळ फिरवीत न्यावे. वर्तुळाची रेषा नको असेल तर तिचा रंग काढावा, वर्तुळ पुसू नये. ते पुसले की अक्षरे पुन्हा सरळ होतात. खालच्या ओळीसाठी दुसरे वर्तुळ घेऊन ते आरशातल्यासारखे आडवे उलटवावे, म्हणजे अक्षरांचे माथे केंद्राकडे वळतात आणि खालची ओळही डावीकडून उजवीकडे सुलट वाचता येते. या ओळीच्या वर्तुळाची त्रिज्या मात्र २५ मि.मी. घ्यावी, तरच दोन्ही ओळी एकाच पट्ट्यात बसतात.

सर्व नीट झाले, पण वरची ओळ पाहताच सूनबाईंना चैन पडेना. शिरोरेषा तुटली होती. प्रत्येक अक्षर आपापली छोटी रेघ डोक्यावर घेऊन शेजाऱ्यापासून फटकून उभे होते.

कारण साधे आहे. अशा प्रणाली अक्षर वाकवीत नाहीत, ते अखंड ठेवून नुसते कलते करतात. अक्षराचे पाय २१ मि.मी. त्रिज्येवर टेकलेले, शिरोरेषा त्याच्या ४ मि.मी. वर, म्हणजे २५ मि.मी. त्रिज्येवर. बाहेरचे वर्तुळ मोठे. पायाशी ४ मि.मी. जागा व्यापणाऱ्या अक्षरास माथ्याशी पावणेपाच मिलिमीटर रेघ हवी. त्याच्याजवळ असते चारच. प्रत्येक दोन अक्षरांमध्ये पाऊण मिलिमीटरची भेग पडते ती त्यामुळे. खालच्या ओळीत उलट घडते : माथे आतल्या लहान वर्तुळावर येतात, रेघा एकमेकींवर चढतात आणि शिरोरेषा अखंड राहते, तेथे अक्षरांमध्ये किंचित अंतर वाढवावे लागते इतकेच. रोमन लिपीस ही अडचण नाही, कारण तिची अक्षरे मुळातच सुटी उभी असतात. देवनागरीचे अक्षर पायावर उभे नसते, ते शिरोरेषेला टांगलेले असते.

अण्णांना दाखविले तेव्हा ते हसले. “खिळे तर सरळच बसायचे. गोल अक्षरे हवी असली की आम्ही पेंटरकडून काढून घेऊन जस्ताचा ब्लॉक करायला टाकायचो. तो आधी कंपासने शिरोरेषा ओढायचा आणि मग तिला एकेक अक्षर लटकवायचा.”

उपाय मिळाला. अक्षरांमधील अंतर थोडे कमी केल्याने भेगा अरुंद झाल्या. मग शिरोरेषेच्या त्रिज्येवर, तिच्याच जाडीचा एक कंस ओढला. शब्दांच्या मध्ये तो तोडला. प्रत्येक शब्दातील सुटी अक्षरे पुन्हा एका रेषेखाली आली. पुढच्या दिवशी मजकुराचे बाह्याकृतींत रूपांतर केले, कारण बिल्लेवाल्याच्या संगणकावर तो टंक नसला तर अक्षरे बदलतात; मूळ प्रत वेगळी ठेवली आणि धारिका शहरात पाठवून दिली. पडद्यावर दहादा तपासली होती.

संध्याकाळी पाठशाळेत त्यांनी नमुन्याचा कागद मुलांना दाखविला. आठ वर्षांच्या एका मुलीने जोराने वाचले, “दशलक्षण घर्म पर्व.” आणि विचारले, “काकू, घर्म म्हणजे काय?”

सूनबाईंनी कागद हातात घेतला. मुलीने चूक वाचले नव्हते. ‘ध’च्या डाव्या गाठीवर शिरोरेषा नसते, तेथे ती ओढली की तो ‘घ’ होतो. तसाच ‘भ’चा ‘म’ होतो. त्यांचा सलग कंस ‘ध’वरून सरळ पुढे गेला होता. घर्म म्हणजे उष्णता, घाम. दीडशे जणांच्या छातीवर, दहा दिवस, हा शब्द मिरवला असता.

बिल्लेवाल्यास तत्काळ दूरध्वनी केला. कागद छापून झाले होते, बिल्ले दाबावयाचे राहिले होते. टिन वाचले, कागद गेला. सूनबाईंनी कंस ‘ध’च्या डाव्या बाजूस तोडून सुधारलेली धारिका पाठविली. रात्री समितीची बैठक होती. कोणासही काही कळले नसते. छपाईचा जादा खर्च त्यांनी स्वतः भरावयाचे ठरविले होते आणि बिल्ले वेळेवर येणार होते. तरी त्या उठून उभ्या राहिल्या आणि झालेली चूक, ती कशी झाली आणि कोणी पकडली, हे जसेच्या तसे सांगितले. क्षणभर शांतता पसरली. मग ज्येष्ठ सभासदांपैकी एक म्हणाले, “मी सुद्धा तो नमुना पाहिला होता, बाई. मीही ‘धर्म’च वाचले. आपल्याला ठाऊक असते ते आपण वाचतो.” कागदाचा खर्च मंडळाने उचलला. पुढील वर्षापासून छपाईस जाणारा प्रत्येक मजकूर, ज्याने तो आधी पाहिलेला नाही अशा एकाने मोठ्याने वाचावा, असे ठरले.

पंचमीच्या सकाळी अभिषेकाच्या वेळी सूनबाईंची दृष्टी ताम्रपटावरील सिद्धचक्र यंत्राकडे गेली. मध्यभागी बीजाक्षर, भोवती कमळाच्या पाकळ्या, पाकळ्यांत वर्णमालेचे वर्ग. ते यंत्र त्यांनी लहानपणापासून पाहिले होते, परंतु त्या दिवशी प्रथमच त्यातील मोकळी जागा दिसली. कोरणाऱ्याने कोणत्याही पाकळीत तिला पेलणार नाही इतके भरले नव्हते.

गृहस्थाच्या पाचव्या अणुव्रतास परिग्रहपरिमाण म्हणतात. सर्वस्वाचा त्याग मुनींचा. गृहस्थाने मर्यादा आखावयाची आणि तिच्या आत राहावयाचे. मर्यादा आखली की काय ठेवावे याचा विचार करणे भाग पडते. मर्यादा नसते तेव्हा माणूस विचार न करता साठवीत जातो. घरात वस्तू, बोलण्यात शब्द, बिल्ल्यावर नावे. १३२ मिलिमीटरांचा परीघ ओढल्यानंतरच त्या समितीस कळले की बिल्ल्यावर पाहुण्याच्या उपयोगाचे असे फारच थोडे हवे होते, आणि तेवढे ठेवल्यावर ते दुरूनही वाचता येत होते.

अनंत चतुर्दशीच्या रात्री मंदिराच्या दाराशी एक डबा ठेवला होता. परतणारा प्रत्येक स्वयंसेवक आपला बिल्ला काढून त्यात टाकीत होता. मोजले तेव्हा एकशे सत्तेचाळीस भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप झाडताना उरलेल्या तिघांपैकी एक पाण्याच्या पिंपामागे सापडला. सासूबाईंनी तो उचलला, पदराने पुसला आणि डब्यात टाकला. त्यावर ‘पाणी’ एवढेच लिहिलेले होते. तो कपाळाला लावण्याची वेळ आली नाही.